मालिकेतलं दुसरं पुस्तक : सोलापुरात मुलांना वाचतं करू पाहणाऱ्या नव्या मंडळींसाठी

शाळेच्या कपाटासाठी किंवा वस्तीतल्या वाचनगटासाठी कुणी पाच हजार रुपये दिले की आपण भरपूर वेगवेगळी पुस्तकं आणतो. कपाट भरल्यासारखं दिसतं, देणगीदाराला पाठवायला फोटोही चांगला येतो. नव्याने हे काम हातात घेणाऱ्यांना माझा सल्ला वेगळा आहे. त्या पैशांत तीन-चार पुस्तकमालाच घ्या, पण एकेकीचे मिळतील तेवढे भाग घ्या. पहिली ते पाचवीतल्या मुलाला पहिलं पुस्तक आपण वाचायला लावतो. तोच नायक, तेच मित्र, तीच गल्ली असलेलं दुसरं पुस्तक ते स्वतःहून मागतं. आपलं सगळं काम त्या मागणीपर्यंत पोचण्याचं आहे.

नवं पुस्तक उघडलं की लहान वाचकाच्या अंगावर एकदम बरंच काही येतं. ही माणसं कोण, कोण कुणाचं काय लागतं, गाव कुठलं, लेखक थट्टा करतोय की खरं सांगतोय. आणि हे सगळं अक्षरं जुळवता जुळवता. मालिकेच्या दुसऱ्या भागात यातलं निम्मं काम आधीच झालेलं असतं. मागावर बीम चढवून एकेक धागा ओवण्यात जो वेळ जातो तो एकदाच जातो, पुढे कापड भराभर उतरतं, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

मराठीपुरता आणखी एक फायदा आहे. आपल्या शब्दांना प्रत्यय चिकटत जातात, म्हणून 'घर' सहज वाचणारं मूल 'घरासमोरच्यांनी' आलं की थबकतं. मालिकेत तीच नावं 'ला, ने, शी, कडून, सारखा, बरोबरच्या' अशी सगळी शेपटं लावून पुन्हा पुन्हा भेटतात. नाव ओळखीचं असल्यामुळे मुलाची नजर थेट शेपटावर जाते. हा सराव पाठ्यपुस्तकातून होत नाही, कारण तिथे दर धड्याला माणसं बदलतात.

आधी मूल कुठे आहे ते बघा

इयत्ता विसरा. मुलांना वाचता येतं का हे तपासणाऱ्या 'असर' या पाहणीत वापरतात तो एका कागदाचा तक्ता घ्या, तो त्यांच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतो. त्यात अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. सुरुवात परिच्छेदापासून करायची. तो नीट वाचला तर गोष्ट द्यायची, अडकलं तर मागे शब्दांकडे यायचं. प्रत्येक मुलामागे पाच मिनिटं पुरतात. मात्र हे एकेकाला बाजूला घेऊन करा. बाकीची मुलं ऐकत असली की कच्चं मूल तोंड उघडत नाही, आणि त्याचं खरं वाचन तुम्हाला कळत नाही.

सोलापुरात एवढ्यावर भागत नाही. पूर्व भागातल्या विणकर घरांत तेलुगू बोलतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बाजूला कन्नड आहे, शहराच्या कितीतरी मोहल्ल्यांत उर्दू-हिंदी आहे. यातली अनेक मुलं मराठी माध्यमात बसतात. त्यांच्यातलं एखादं मूल तुमच्यासमोर परिच्छेद घडाघडा वाचून दाखवेल आणि "काय झालं गोष्टीत?" विचारल्यावर गप्प बसेल. त्याला अर्थ कळलेला नाही असा निष्कर्ष लगेच काढू नका. "तेलुगूत सांग" म्हणा. तुम्हाला तेलुगू येत नसेल तर त्याची ताई किंवा वर्गातलाच कुणीतरी उलगडून सांगेल. गोष्ट बरोबर सांगितली, तर त्याचं वाचन ठीक आहे आणि फक्त मराठी बोलण्याचा सराव कमी पडतोय. सांगता आली नाही, तर ते अक्षरांचे नुसते आवाज काढतंय. दोघांना एकच मालिका चालेल, पण पहिल्याशी तुम्हाला बोलावं लागेल आणि दुसऱ्याला चित्रं जास्त लागतील.

उलटी मुलंही असतात. फाडफाड मराठी बोलतात, पण जोडाक्षर आलं की गाडी थांबते. 'सूर्य'मधला रफार आणि 'दऱ्या'मधला अर्धा र त्यांना सारखेच छळतात. अशांसाठी प्रकरण सुरू करण्याआधी त्यातले पाच-सहा नाठाळ शब्द फळ्यावर लिहून एकदा सगळ्यांनी मिळून म्हणून घ्या. त्याहून जास्त नको, नाहीतर गोष्टीचा तास शुद्धलेखनाचा तास होतो.

चूक कुठली मोजायची हेही आधी ठरवा. पुस्तकात 'आहे' छापलंय आणि पोरगं 'हाय' वाचतंय, 'नाही'चं 'न्हाई' करतंय, तर ते अर्थ समजून स्वतःच्या बोलीत वाचतंय. तिथे टोकू नका. 'वाट'चं 'वात' वाचून बिनदिक्कत पुढे गेलं, तर मात्र थांबवून विचारा, "वात? रस्त्यावर वात कशी?" वाक्याला अर्थ लागत नाही हे त्याचं त्यालाच जाणवलं पाहिजे.

मालिका कुठली घ्यायची

'५१ बोधकथा' किंवा 'संस्कार कथा, संच १ ते १०' या मालिका नव्हेत. एकाच छापाची पुस्तकं म्हणजे मालिका, असं दुकानदार सांगतो. एका पुस्तकातलं पात्र पुढच्या पुस्तकात आलं पाहिजे, एवढी एकच कसोटी लावा.

नुकती अक्षरं जुळवू लागलेल्या मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' घ्या. राधाच्या घरातल्या माणसांची ही छोटी पुस्तकं. मजकूर थोडा, चित्रं बोलकी, आणि भाषा घरात बोलतात तशी. त्यांच्याच 'यश'च्या गोष्टी एक पायरी वरच्या, परिच्छेद वाचू शकणाऱ्यांसाठी. यशला जे प्रश्न पडतात ते त्या वयाच्या कुठल्याही मुलाला पडतात, त्यामुळे घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांनाही आधी समजावून सांगावं लागत नाही.

याच टप्प्यावर मी 'चिंटू'चे संग्रह ठेवते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाली. चित्रकथा म्हणजे वाचन नव्हे असं मानणारे पालक आणि काही शिक्षकही भेटतात. त्यांनी एकदा एखाद्या मुलाला चिंटूची पट्टी वाचायला देऊन "का हसलास?" असं विचारून बघावं. शेवटच्या चौकटीतला विनोद लिहिलेला नसतो, तो आधीच्या चौकटींवरून ओळखावा लागतो. न लिहिलेलं ओळखणं हेच आकलनातलं सगळ्यात अवघड काम, आणि इथे ते तीन-चार वाक्यांत होतं.

गोष्ट सलग वाचता येऊ लागली की दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे'. त्याचे बरेच भाग आहेत आणि भागांत सुट्या गोष्टी आहेत. एक गोष्ट एका बैठकीत संपते, मुलाला 'मी संपवली' म्हणता येतं. ग्रंथालयात मधला एखादा भाग नेहमी कुणाकडे तरी गेलेला असतो, तेव्हाही अशा मालिकेत अडत नाही.

चौथी-पाचवीतल्या दमदार वाचकांना भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' द्या. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल, त्याचं 'ट्टॉक'. सोलापूरच्या मुलांना हे सांगायला विसरू नका की एसटीने पुण्याला जाताना हडपसरच्या आसपास आपण फुरसुंगीच्या जवळूनच जातो. पुस्तकातलं गाव आपल्या रस्त्यावर आहे हे कळलं की मुलांचे चेहरे बदलतात. या गोष्टी लांब आहेत, धागा प्रकरणामागून प्रकरणं लक्षात ठेवावा लागतो, म्हणून घाई करू नका. काळही जुना आहे. त्या वेळचे फोन, त्या वेळचा प्रवास, युद्धाचे संदर्भ हे वाचता वाचता सांगावं लागतं.

ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' मला अतिशय आवडतो, तरी मी तो मुलांच्या हातात लगेच देत नाही. ती मराठी आता मुलांच्या कानावर पडत नाही. तो आपण मोठ्याने वाचावा. ऐकताना मुलं खुदखुदतात, तीच पानं एकट्याने वाचायला दिली तर कंटाळतात. पाचवीतल्या एखाद्याने हे सगळं फस्त केलं, तर सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा त्याची वाट बघतोय. अशोक जैन यांनी केलेले अनुवाद रोहन प्रकाशनाने काढले आहेत.

पुस्तकं आणायची कुठून

शहरात हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, शिवाय जिल्ह्यात गावोगावी सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. साधारणपणे अनामत रक्कम आणि वर्गणी भरून सभासद होता येतं. जाऊन ग्रंथपालांना भेटा, बालविभागात मालिकांचे कुठले भाग आहेत ते कपाटात हात घालून बघा. यादीत असलेलं पुस्तक फळीवर असतंच असं नाही.

विकत घेताना एक हिशेब पाळा : पहिल्या भागाच्या तीन प्रती, पुढच्या भागांची एकेक. पहिला भाग सगळ्यांना एकाच वेळी लागतो. पुढे कुणी तिसऱ्या भागावर, कुणी पाचव्यावर असतं, तिथे एक प्रत पुरते. शिवाय पुढच्या प्रतीसाठी थोडी वाट बघावी लागली तर ओढ वाढते, हे माझं निरीक्षण आहे.

पैसेच नसतील तर 'प्रथम बुक्स'चं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ मोफत आहे. मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या असतात. पहिल्या पातळीत अगदी थोडी वाक्यं, चौथीत चांगली लांब गोष्ट. उतरवून घ्यायला आणि छापायला परवानगी असते. एकच पात्र असलेल्या गोष्टी शोधून काढा आणि झेरॉक्सच्या दुकानात छापून मधोमध स्टेपल मारा. मुखपृष्ठ रंगीत, आतली पानं काळी-पांढरी, म्हणजे परवडतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, तेही हाताशी ठेवा.

प्रत्येक मालिकेला एका रंगाची चिकटपट्टी आणि कण्यावर भागाचा ठळक आकडा. नोंदवही मुलांकडेच द्या.

पहिलं पुस्तक तुम्ही वाचा

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. मालिकेचा पहिला भाग मुलांच्या हाती देऊन "वाचा" म्हणायचं नाही. रोज पंधरा मिनिटं, ठरलेल्या वेळी, तुम्ही मोठ्याने वाचायचं. शाळेत जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ उत्तम. मुलं सुस्तावलेली असतात आणि गणिताला तशीही तयार नसतात.

आवाजाची नाटकं करायची गरज नाही, पण पात्रांचं बोलणं आणि लेखकाचं सांगणं यांतला फरक कानाला कळला पाहिजे. तुम्ही वाचत असताना तीन प्रतींपैकी दोन मुलांच्या घोळक्यात असू द्या, बोट फिरवत त्यांनी मागोमाग यावं. प्रकरण संपेल तिथे थांबू नका. दार वाजलं आणि उघडणार, एवढ्यावर पुस्तक मिटा. मुलं ओरडतील. कुणीतरी सुट्टीत पुस्तक उघडून पुढची दोन पानं चोरून वाचेल. ते बघितलं तरी न बघितल्यासारखं करा.

भिंतीवर एक मोठा कागद लावा. त्यावर पात्रांची नावं, नातं, सवयी, बोलण्याची लकब, कशाला घाबरतो. दुसऱ्या बाजूला जागांचा नकाशा : घर इथे, शाळा तिथे, नदी पलीकडे. नकाशा मुलांनीच काढावा आणि भांडून दुरुस्त करावा. 'शाळेच्या मागे पाण्याची टाकी आहे' हे पान उलटून शोधून दाखवणं म्हणजे पुराव्यासकट वाचणं. त्यासाठी वेगळा कृतिपत्रिकेचा कागद लागत नाही.

अवघड शब्द आला की पंचाईत होते. दर वेळी थांबून अर्थ सांगितला तर गोष्ट मरते. मी तीन प्रकार करते. ज्या शब्दाशिवाय कळत नाही त्याचा अर्थ त्याच दमात जोडून वाचायचा : "तो वाड्याच्या पडवीत, म्हणजे बाहेरच्या ओसरीवर, बसला होता." जो संदर्भाने कळेल तो सोडून द्यायचा. आणि जो गमतीचा आहे तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा, त्याला तेलुगूत काय, कन्नडमध्ये काय म्हणतात ते मुलं सांगतात. घरची भाषा वेगळी असलेलं मूल त्या क्षणी वर्गाला शिकवत असतं.

दुसरं पुस्तक दोघांनी

आता पात्रं ओळखीची झाली. दुसरा भाग जोडीने वाचायचा : मोठा आणि लहान, किंवा पक्का आणि कच्चा वाचक. दोघं शेजारी बसून एकाच वेळी, एकाच वेगाने मोठ्याने वाचतात. वेग कच्च्याचा. त्याला एकट्याने वाचावंसं वाटलं की तो टेबलावर टिचकी मारतो आणि दुसरा गप्प होतो. तो अडला तर दुसऱ्याने मनात पाचपर्यंत मोजायचं, तोवर जमलं नाही तर शब्द सांगायचा आणि परत दोघांनी मिळून सुरू करायचं. "अरे, कालच तर आला होता हा शब्द" वगैरे काही बोलायचं नाही.

मनात पाचपर्यंत मोजणं हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात आपल्यासारख्या मोठ्यांना ते जमत नाही, दोनलाच तोंडातून शब्द बाहेर पडतो. मुलांना मात्र छान जमतं, म्हणून जोडीदार म्हणून मी मुलांनाच पसंती देते.

पाचवीत येऊनही शब्दांवरच अडकलेल्या मुलाचं काय? त्याला 'राधाचं घर' दिलं तर "हे बारक्या पोरांचं आहे" म्हणून तो फेकेल, आणि त्याचं बरोबर आहे. त्याला सांगा की पहिलीतल्या चार पोरांना शुक्रवारी हे वाचून दाखवायचंय, त्याची तयारी कर. तो तेच पुस्तक घरी नेईल, पुन्हा पुन्हा वाचेल, कारण आता त्याला कारण आहे. पुढच्या शुक्रवारी त्याच मालिकेतलं पुढचं. लाज न वाटता सोपं वाचायला मिळावं एवढंच त्याला हवं असतं.

घरी वाचून दाखवायला लावतानाही हाच विचार. सोलापुरात कितीतरी आया घरी बसून विड्या वळतात. त्यांना वेळ नाही असं आपण परस्पर ठरवतो. हात कामात असतात, कान मोकळे असतात. मुलाने शेजारी बसून वाचावं आणि आईने मधूनमधून "मग? पुढं काय झालं?" एवढंच विचारावं. आईला मराठी वाचता येत नसेल तरी चालतं, उलट तेव्हा मुलाला गोष्ट समजावून सांगावी लागते. पालकसभेत हे सांगताना 'तुम्ही मुलाचा अभ्यास घ्या' असं म्हणू नका. 'त्याच्याकडून गोष्ट ऐका' म्हणा.

तिसऱ्याला बाजूला व्हा

तिसऱ्या भागापासून मूल एकटं. रोज वीस मिनिटं शांत वाचन, तुम्हीही स्वतःचं काहीतरी वाचत बसा. वह्या तपासत बसलात तर मुलांना कळतं की हे काम बिनमहत्त्वाचं आहे.

सारांश लिहून आणायला सांगू नका, तात्पर्य तर अजिबात विचारू नका. मालिका वाचणाऱ्याला विचारण्यासारखे प्रश्न वेगळे असतात, कारण त्याला नायकाचा स्वभाव माहीत असतो. "मागच्या वेळी तो असाच फसला होता, या वेळी काय करेल?" "त्याच्या जागी त्याचा मित्र असता तर खोटं बोलला असता का?" "पहिल्या भागात तो अंधाराला घाबरायचा, अजून घाबरतो?" शेवटच्या प्रश्नासाठी मूल पहिला भाग पुन्हा उघडतं, तुम्ही न सांगता.

लिहायचंच असेल तर नायकाला सोलापुरात आणा. तो स्टेशनवर उतरला, पुढे? जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्यात, म्हणजे यात्रेत, होम मैदानावर पाळण्यांच्या गर्दीत त्याचा मित्र हरवला. भुईकोट किल्ल्यात त्याला एक चिठ्ठी सापडली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाताना तो काय म्हणाला? मुलं पानंच्या पानं लिहितात. नायकाची लकब बरोबर आली का हे बाकीची मुलं डोळ्यांत तेल घालून तपासतात : "बोक्या असं बोलतच नाही ओ बाई!" एवढं बारकाईने वाचलेलं मी कुठल्याच चाचणीत बघितलेलं नाही. इथे बोली येऊ द्या, 'लै भारी' लिहिलं तर लिहू द्या.

अडचणी येतातच

"सारखं तेच तेच वाचतोय" ही पालकांची पहिली तक्रार. वाचू द्या. एकाच लेखकाचे, एकाच प्रकारचे शब्द पुन्हा पुन्हा भेटल्यामुळेच वाचनाला वेग येतो. सगळे भाग संपल्यावर मात्र पोकळी येते आणि अनेक मुलं तिथेच वाचन सोडतात. शेवटचे दोन भाग उरलेले असतानाच पुढच्या मालिकेचं पहिलं प्रकरण वर्गात मोठ्याने वाचायला घ्या.

पुस्तक झेपेल का हे मुलाला स्वतः ठरवता यावं. कुठलंही एक पान उघडायचं, न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट. पाची बोटं उघडली तर ते पुस्तक सध्या जोडीने वाचायचं. आवडत्या नायकाचं पुस्तक असेल तर मुलं एक-दोन बोटं लपवतात. लपवू द्या.

पन्नास पानं वाचूनही रस येत नसेल तर सोडायची मुभा असावी, मोठ्यांना असते तशी. आणखी एक. जुन्या साहसमालांत मुलगेच सगळं करतात आणि मुली डबे भरून देतात, असं आढळेल. पुस्तक लपवू नका. "हीच गोष्ट त्याच्या बहिणीने सांगितली असती तर?" असं विचारा, आणि मुलींना लिहू द्या.

प्रगती किती मोजायची

केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं. त्यात तिसरीअखेर मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. तुमच्या शाळेत त्याची विचारणा होणार, म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येकाचं एक मिनिटाचं वाचन ऐका आणि नोंदवा. दर वेळी त्याच मालिकेतलं, पण न वाचलेलं पान घ्या, म्हणजे तुलना प्रामाणिक होते. घड्याळ मुलाच्या समोर धरू नका. घड्याळ दिसलं की मुलं विरामचिन्हं गिळतात आणि अर्थ सोडून धावतात. शब्द वाढले पण वाचलेलं सांगता येत नाही, अशी नोंद दिसली तर वेग विसरून परत जोडवाचनाकडे या. माझ्या वहीत आकड्याच्या शेजारी आणखी एक रकाना असतो : या महिन्यात पुढचा भाग स्वतःहून मागितला का, हो किंवा नाही. मला तोच जास्त सांगून जातो.

वर्षाची मांडणी

जूनच्या मध्यात शाळा उघडली की दोन आठवडे पातळी बघण्यात आणि सवय लावण्यात जातील. जुलै-ऑगस्ट पहिलं पुस्तक, गणपतीनंतर जोडवाचन. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. डॉ. अब्दुल कलामांवरची भाषणं होतीलच, त्याच दिवशी तिसरा भाग वाटायला काढा, म्हणजे दिवसाला काही अर्थ राहील. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाच्या पिशवीत एक भाग गेलाच पाहिजे. संक्रांतीच्या आसपास गड्डा भरला की हजेरी विरळ होते, तेव्हा नवी मालिका सुरू करू नका. फेब्रुवारी-मार्च पुढचे भाग आणि स्वतःच्या गोष्टी लिहिण्यासाठी.

वस्तीत गट चालवत असाल तर वेळ ठरवण्याआधी त्या भागात नळाला पाणी कधी येतं ते विचारा. शहरात पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, आणि त्या वेळी मुलं घागरी-बादल्यांच्या रांगेत असतात. कुंभारीच्या घरकुलांत चालणारी वेळ विजापूर रोडवर चालेलच असं नाही.

मे महिन्यात सोलापूर चाळिशीच्या पुढे तापतं. दुपारी मुलं घराबाहेर पडत नाहीत, म्हणजे वाचायला वर्षातला सगळ्यात मोठा मोकळा वेळ तेव्हाच असतो, आणि नेमकी तेव्हाच शाळेची कपाटं कुलूपबंद असतात. हरवतील, फाटतील, वर्षाअखेरीस साठा जुळणार नाही, अशी भीती असते. मुख्याध्यापकांशी एप्रिलमध्येच बोला, नोंदवहीवर पालकाची सही किंवा अंगठा घ्या, आणि एका गल्लीतल्या मुलांना एकाच मालिकेचे वेगवेगळे भाग द्या, म्हणजे ती आपापसात बदलून सगळे वाचतील. जूनमध्ये काही पुस्तकं कणा सुटून, पानांवर आंब्याच्या रसाचे डाग घेऊन परत येतील. तेव्हा नव्या वर्षाच्या खरेदीच्या यादीत रुंद चिकटपट्टीचे दोन रोल आणि प्रत्येक पहिल्या भागाची एकेक जादा प्रत आत्ताच लिहून ठेवा.